तीन खाचांची जीप

रखमाजी सकाळी उठला की आधी गोठ्यातली दावी मोजायचा. बैल समोर उभे असायचे, तरी दावी मोजायचा. बैल कुणी नेला तर गावभर बोभाटा होतो, दावं बदललं तर कुणाला कळतं, असं त्याचं म्हणणं. अंबड तालुक्यातल्या त्या गावात त्याच्याइतका कष्टाळू गडी शोधून सापडला नसता, आणि त्याच्याइतका संशयी तर आसपासच्या दहा गावांत नव्हता. कुणी रामराम घातला तरी याच्या कपाळाला आठी, की आज याला काय पाहिजे बुवा? त्याची बायको चतुराबाई तीस वर्षांच्या संसारात एकच धडा शिकली होती. घरातली वस्तू हलवायची तर त्याच्या देखत हलवायची.

गावात अवजारं या घरची त्या घरी जातच असतात. म्हणून प्रत्येक घराची आपापली खूण असते. कुणाची फुली, कुणाचा अर्धा चांद. रखमाजीच्या घराची खूण तीन खाचांची, मधली जरा लांब. कुळवावर, पाभरीवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर या तीन खाचा पडलेल्या. तो जिथं जाई तिथं सोबत नेत असे त्या फिरकीच्या तांब्याच्या काठावरही त्या होत्या. बापानं शिकवलं होतं की खूण अशा जागी करावी जिथं नजर पडते, आणि ती कुणाला सांगू नये. हा धडा मात्र रखमाजीनं जन्मभर जपला.

या माणसाला जीपचं वेड लागलं ते बहात्तरच्या दुष्काळात. रस्त्याच्या कामावर ठेकेदाराची एक लष्करी जुनी जीप होती. दुधना नदीच्या कोरड्या पात्रात खडीचा ट्रक रुतून बसला, माणसं लावली, बैल लावले, हलेना. मग ही एवढीशी जीप आली, चारही चाकांनी वाळू उकरली आणि ट्रकाला ओढून काठावर घेऊन गेली. रखमाजी पाटी खाली ठेवून बघत राहिला. त्याची निम्मी जमीन ओढ्यापलीकडं, काळी आणि चिकट. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची. त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांपुढून जीप हलली नाही.

काम संपलं, ठेकेदार गेला, जीप एका शेडमागं पडून राहिली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या तेव्हा ती रखमाजीनं विकत घेतली. चौऱ्याहत्तर सालचा दसरा झाल्यावर दोन बैलजोड्या जुंपून त्यानं ती जालन्याला नेली. स्वतः स्टिअरिंगवर बसला होता. वाटेत लोक हसले. हसणारे का हसले असतील, याचाही त्यानं मनात विचार केला.

जुन्या जालन्यात वसंता मिस्त्रीचं गॅरेज होतं. वसंता तिशीचा, बोलका. जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दोन महिने, आप्पा. संक्रातीला चालवत घेऊन जा."

खरं काम करायचा संपत. पन्नाशीचा, अंगानं बारीक, कानावर पेन्सिल. फौजेच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढलेली, त्यामुळं अशा जीपचा खिळान्‌खिळा त्याला पाठ. इंजिनाला कान लावून आजार सांगायचा. वसंताच्या बापाच्या वेळेपासून तो तिथं होता. संपत बौद्ध. दीक्षा घेऊन अठरा वर्षं झाली होती, पण रखमाजीच्या डोक्यातलं जुनं काही निघालं नव्हतं. गॅरेजातल्या माठाचं पाणी संपत भरतो हे कळल्यापासून रखमाजी आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायचा, आणि तेही त्याच्यासमोर बसून.

दर चार दिवसांनी रखमाजी एसटीनं जालन्याला हजर. जीप खोलली गेली होती. तिचे तुकडे ताडपत्रीवर मांडलेले, ते त्यानं दोनदा मोजले. एवढे तुकडे, आणि यातला कुठला माझा, कुठला दुसऱ्या गाडीचा, हे कुणी सांगावं? त्यात एक दिवस त्यानं बघितलं की संपतनं एक बारीक पितळी तुकडा फडक्यात बांधला आणि खिशात घातला. झालं. रखमाजीच्या मनात पाल चुकचुकली ती पुन्हा गप्प बसली नाही.

दुपारी वसंता घरी जेवायला जायचा आणि संपत पलीकडच्या लिंबाखाली भाकरी सोडायचा. "जा तुमी बिनघोर, मी बसतो गाडीपाशी," असं रखमाजी म्हणायचा. मग पिशवीतून छन्नी आणि हातोडी काढायचा. गंजल्या जागी खूण दिसणार नाही, रंगाखाली झाकली जाईल. म्हणून जिथं लोखंड घासून आरशासारखं केलेलं असेल तिथं तो तीन खाचा मारायचा, मधली जरा लांब. वर बोटानं ग्रीस फासायचं, की कुणाला दिसू नये. दोन महिन्यांत त्यानं असे अकरा भाग खुणेखाली आणले. आता बदला म्हणावं!

संक्रांतीला इंजिन सुरू झालं. धडधड ऐकून रखमाजीचे डोळे भरून आले, हे कबूल केलं पाहिजे. पण तासाभरात इंजिनातलं तेल ताकासारखं पांढरं झालं. पाणी आत शिरत होतं. संपतनं मान हलवली आणि इंजिन पुन्हा उघडलं. पंधरा दिवसांनी रखमाजी गेला तेव्हा इंजिनाचं हेड, म्हणजे माथ्यावरचा जाड ठोकळा, बाकावर ठेवलेलं होतं. औरंगाबादहून घासून आणलं, असं वसंता खालच्या मानेनं म्हणाला. रखमाजीनं शिंक आल्यासारखं करून वाकून बघितलं. खाचा नव्हत्या!

हेड बदललं. आपलं हेड कुणाच्या तरी गाडीत फिरतंय. विचारावं, तर खूण सांगावी लागणार, आणि सांगितली की ती खूण कसली? खुणेचं नाव न काढता तो वसंताला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या संपतवर नजर ठिवा. मी त्याला खिशात माल घालताना बघितलं."

वसंता दचकला. दचकायला त्याच्याकडं वेगळं कारण होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

मग हेच सुरू झालं. होळीला पाण्याचा पंप गळायला लागला. मग तेलाचं पात्र, मग गिअरपेटीचं झाकण. एक मिटवलं की दुसरं ठिबकायचं. प्रत्येक वेळी काम वाढायचं, प्रत्येक वेळी रखमाजी वाकून बघायचा आणि खूण गायब असायची. घरी येऊन चतुराबाईला सांगायचा, "लुटून राह्यले मला. अख्खी जीप बदलून राह्यले." चतुराबाई म्हणायची, "मंग बदललेली तरी आणा घरी." आणि वसंताला तो दर खेपेला तेच सांगायचा, की संपत, संपत, संपत.

गुढीपाडव्यानंतर रखमाजी गेला तर संपत दिसला नाही. वसंता एकटाच गाडीखाली.

"काढलं त्याला," वसंता म्हणाला. रखमाजीच्या जिवाला बरं वाटलं. चोर गेला, आता जीप उभी राहील. पुढं मोंढ्यात सरकीच्या पेंडीसाठी गेला असताना त्यानं संपतला पाठीवर पोतं घेऊन ट्रकाच्या फळीवरून चढताना बघितलं. पन्नाशीचा माणूस, पाय थरथरत होते. दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात त्याला घेतलं नव्हतं. हाताला खोड आहे अशी बोलवा झाली होती. रखमाजीनं तोंड फिरवलं आणि दुसऱ्या गल्लीतून गेला. त्या दिवशी पेंड मात्र आणायची राहिली.

ज्येष्ठात वसंताचा निरोप आला, की गाडी झाली, या. रखमाजी पोचला तेव्हा वसंता खुशीत होता. त्यानं बाकाखालून एक घमेलं ओढलं. आत टाकून दिलेलं झाकण, पंपाची बैठक, पात्राची कड, असं काहीबाही होतं.

"आजवर लाजेनं सांगितलं न्हाई, आप्पा. माझ्याच दुकानात तुमचा माल नासला. पण तुमची नजर बराबर होती. ह्ये बघा, संपतचं काम. जिथून पाणी गळलं, तेल गळलं, तिथं तिथं छन्नीनं मारलेलं. नऊ भाग खराब केले मेल्यानं. जे घासून निघाले ते घासले, बाकीचे नवे बसवले. दुकानात आमी दोघंच. मी न्हाई मारलं, मंग कोण?"

रखमाजीनं झाकण हातात घेतलं. तीन खाचा. मधली जरा लांब.

त्यानं झाकण घमेल्यात परत ठेवलं. कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. "येतो," एवढंच म्हणून तो बाहेर पडला. वसंता मागून ओरडला, "जल्दी या, आप्पा! संध्याकाळी अंबडच्या रस्त्याला चाचणी घेतो!"

विचारत विचारत तो संपतच्या घरी गेला. दारात संपतची बायको गिरिजाबाई धान्य निवडत होती. तिनं आत हाक मारली. संपत खांद्याला हळद लावून बसला होता. रखमाजी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एवढी वाट चालताना त्यानं एक सोपी युक्ती काढली होती.

"मी वसंताला सांगतो," तो म्हणाला, "झालं गेलं सोड, संपतला माफ कर. माझा शबुद तो मोडणार न्हाई."

"माफ?" संपत म्हणाला. "कशाची माफी, आप्पा?"

रखमाजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या खाचा तुमच्या हायत," संपत सावकाश म्हणाला. "मला तिसऱ्या भागालाच कळलं. सहा महिने माझ्यासमोर बसून तुमी त्या तांब्यातून पाणी पिलात. मला कधी दिलं न्हाई, मंग मी आपला तांब्याच बघत बसायचो. त्याच्या काठावर त्याच तीन खाचा."

"मंग बोलला का न्हाईस?"

"बोलून? जीपवाल्यानंच आपली जीप फोडली म्हणून सांगू? मी? वसंतानं कोणाचं ऐकलं असतं?"

कोणाचं, ते दोघांनाही माहीत होतं. तरी खोलवर बसलेला संशय एकदम मरत नाही. तो पुटपुटला, "पण तू ते पितळी काहीतरी खिशात..."

"कार्बोरेटरचा जेट होता तो. भोक सुईहून बारीक. तार घातली तर भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पीत बसती. म्हणून घरी आणला. हिच्या डोक्याचा केस घालून साफ केला. सकाळी नेऊन बसवला. खोलून बघा, हाय तिथंच."

गिरिजाबाईनं वर न बघता आणखी एक खडा बाजूला काढला. रखमाजीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"तुमचं चुकलं ते येवढंच," संपत म्हणाला, आणि आता तो फक्त कारागीर होता. "नांगरावर खूण दिसल अशा जागी करत्यात. इंजिनाचं तसं न्हाई. लोखंड जिथं चकाकतं तिथंच दुसरं लोखंड येऊन बसतं. तिथं खाच पडली की संपलं. मीबी जोडताना ग्रीस पुसून बघाया पायजे होतं. किती भाग केले तुमी?"

"अकरा. वसंता नऊच म्हणतो."

संपतचा हात खांद्यावरच थांबला. "मंग उरलेले दोन कुठं?"

रखमाजी आठवायला लागला. "एक स्टिअरिंगच्या पेटीत. आन्‌ एक ब्रेकच्या पंपाच्या आत, नळीसारखं गुळगुळीत होतं तिथं."

"मिस्त्री गाडी रस्त्यावर कवा काढणार हाय?"

"आज. संध्याकाळी."

संपत तसाच उठला. सदरा अंगात घालत तो चालायला लागला, आणि मागून रखमाजी, धोतर सावरत. ते पोचले तेव्हा जीप गॅरेजच्या तोंडाशी घुरघुरत होती. वसंता स्टिअरिंगवर, सभोवती गल्लीतली दहा-पंधरा माणसं. संपतला बघून वसंताचा चेहरा कडवट झाला.

"तू इथं कशाला आला?"

संपत बाजूला झाला आणि त्यानं रखमाजीकडं बघितलं. इथून पळ काढावा असं रखमाजीला फार वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्यानं पिशवीतून तांब्या काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला, खाचांची कड वसंताकडं करून.

"बंद कर गाडी," तो म्हणाला. "ही माझ्या घराची खूण हाय. अकराच्या अकरा ठिकाणी मीच मारली. संपतरावांनी कायबी केलं न्हाई. दोन खुणा अजून आत हायत, ब्रेकमंदी आन्‌ स्टिअरिंगमंदी."

वसंतानं चावी फिरवली. तो तांब्याकडं बघत राहिला, मग घमेल्यातल्या झाकणाकडं. त्याला कुणाकडं बघावं कळेना. गल्लीतलं कुणीतरी हसलं, आणि या वेळी ते का हसलं हे रखमाजीला बरोबर माहीत होतं. संपतनं मात्र बाह्या वर सारल्या आणि जीपखाली शिरला.

ब्रेकचा पंप कुठं मिळेना. तो मिळून बसेपर्यंत श्रावण संपत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी जीप गावात शिरली. रखमाजी चालवत होता, आणि शिकवायला शेजारी संपत. ओढ्याचा चिखल तिनं एका दमात पार केला. सगळा गाव गोळा झाला. कुणीतरी विचारलं, "आप्पा, लई दिवस लागले हो हिला?"

"काम दोन महिन्याचं," रखमाजी म्हणाला. "बाकीचे नऊ महिने मी लावले."

लोकांना काही कळलं नाही. चतुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. रखमाजीनं तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी, संपतपुढं धरला.

"तहान न्हाई, आप्पा," संपत म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो खाली उतरला आणि पाना घेऊन स्टिअरिंगचे बोल्ट पुन्हा तपासायला लागला.

रखमाजीनं तो भरलेला तांब्या घरात नेऊन ठेवला.