सातवा वडा आणि घटती उपयोगिता

बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. एकोणचाळिसाव्या वर्षी मी लोणावळ्याच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं, एफ.वाय. बी.ए.ला. मळवलीत आम्ही एका बंगल्याची राखण करतो. मालक महिन्यातून एकदा येणार, त्यामुळे सकाळची झाडलोट उरकली की दुपारपर्यंत मला वेळ असायचा. नवरा म्हणाला, "जा की. घरात बसून भांडण्यापेक्षा बरं."

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर अर्थशास्त्राचे सर उठून उभे राहिले. पंचविशीतले, किडकिडीत, नोकरीचा पहिलाच महिना. हात जोडून म्हणाले, "पालकांची सभा शनिवारी आहे, मॅडम."

"मी पालक नाही, सर. विद्यार्थिनी आहे."

वर्ग हसला. सर इतके गोरेमोरे झाले की मलाच अपराध्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून पोरं मला मावशी म्हणायला लागली आणि सर ताई.

पुढच्या महिन्यात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आला. नाव ऐकूनच निम्म्या वर्गाने माना टाकल्या. सरांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की आपण हे प्रत्यक्ष करून पाहू. कॉलेजसमोरच्या गाडीवरून त्यांनी बटाटेवडे आणले होते, गरम, कागदातून तेल झिरपत होतं. एकाने एकामागून एक वडे खायचे आणि प्रत्येक वड्याला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, मग सहा, असं होत होत शेवटी शून्य. फळ्यावर आलेख आधीच काढून ठेवला होता, वरून खाली घसरणारा. फक्त ठिपके मांडायचे बाकी होते.

मागच्या बाकांवरचे सगळे हात वर. सरांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही या. तुम्ही गंभीरपणे कराल."

मी पुढे जाऊन बसले. पहिला वडा खाल्ला. दहा. दुसरा खाल्ला. दहा. तिसऱ्याला एका मुलीने तळलेली मिरची आणून दिली. मी म्हटलं, "ह्याला अकरा देता येतील का?"

"दहापैकी अकरा कसे देणार, ताई? आणि मिरची नको. सगळे वडे सारखे पाहिजेत, ते गृहीतक आहे."

चौथा, दहा. पाचवा, दहा. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. सरांचा खडू फळ्यावर आडवाच चालला होता आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"जरा विचार करून सांगा, ताई."

"खरं सांगू का पुस्तकातलं, सर?"

"खरंच सांगा," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज पुस्तकातलं मागत होता.

सातव्या वड्यालाही मी दहाच दिले. पोट भरलं होतं, नाही असं नाही. पण मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "सर, घरी वडे मी तळते आणि बाकीचे खातात. माझ्या वाटणीला येतो तो गार. आज मी बसलेय आणि लोक मला गरम वाढतायत. गुण कमी कसे करू?"

सरांनी खडू खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही अपवाद आहात, ताई."

रात्री पुस्तक काढून अपवाद वाचले. कंजूष माणूस, दारुडा आणि तिकिटं गोळा करणारा छांदिष्ट. मी नवऱ्याला विचारलं, "ह्यातली मी कोण?" तो जेवता जेवता म्हणाला, "तिकिटं तर तू गोळा करत नाहीस." आणि पुढे काही बोलला नाही, हे त्याने शहाणपणाचं केलं.

सासूबाईंना मात्र एवढंच ऐकू आलं. "सात वडं खाल्लंस? आन् घरी एक बी न्हाई आणला?"

मी सगळं समजावून सांगितलं. कढई, गार वडा, सगळं. रविवारी सकाळी उठून बघते तर त्या चुलीपुढं, बटाटे उकडलेले, पीठ कालवलेलं. मला पाट दिला. "बस हितं. हलायचं न्हाई. मी तळते."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं बसवलं होतं. पहिला वडा, दहा. दुसरा, आठ, कारण मीठ जरा जास्त होतं, पण ते मनातच ठेवलं. तिसरा झाल्यावर पोटाने खरंच नको म्हटलं. मी हात आडवा धरला. "बास, आत्या."

सासूबाईंनी झारा खाली ठेवला. "कालेजात सात, आन् माझ्या हातचं तिनातच बास व्हय?"

"तसं नाही, आत्या. तो सिद्धांतच आहे."

"सिद्धांत न्हाई न् फिद्धांत न्हाई. नीट सांग, कुटं बिघडलं?"

मी चौथा खाल्ला. पाचवाही खाल्ला. सोमवारी सरांना हे सांगितलं, तर त्यांनी उभ्या उभ्या वहीत नवा आलेख काढला आणि किती दिवसांनी मनापासून हसले. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "पण ताई, पाचव्याला किती दिले?"

"त्यांना सांगितलं, दहा."

सरांनी थोडा विचार केला आणि तिथं ठिपका न मांडताच वही मिटली.