बॅरिटोनच हाये

आमच्या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळीत गिटार वाजवणारा गडी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. चहा मागायचा तरी "आना चहा, आनाच." गिटारला बायकोच्या जुन्या लुगड्याची खोळ. सावली गावात तालमीला येताना मोटारसायकलवर मागे गिटारलाच बसवतो, माणसाला नाही.

यंदा गिटारचा आवाज एकदम खोल आला. "बॅरिटोन हाये," तो म्हणाला, "बॅरिटोनच. जाड गळ्याची जात. वर ताणली का तार तुटते. बाई, तुमाले खालच्या पट्टीत गावं लागन."

गाणाऱ्या बाईंनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि खाली गायल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा सूर फाटला नाही.

मी ऑर्गन वाजवतो. मला शंका आली, कारण बॅरिटोनची मान साध्या गिटारपेक्षा लांब असते. तो बाहेर गेल्यावर मी पुतण्याची साधी गिटार त्याच्या गिटारशेजारी ठेवली. मानेच्या टोकापासून खाली तारा टेकतात त्या घोडीपर्यंत दोन्ही सारख्याच लांब. पठ्ठ्यानं नुसत्या जाड तारा चढवून सूर खाली उतरवला होता.

मान वर केली तर तो दारातच उभा.

"भाऊ, बाईचा गळा उतरला म्हटलं तर बाई गानं सोडतीन. गिटारचा उतरला म्हटलं तर कोनाले दुखते?"

हे मात्र तो एकदाच बोलला.

काल बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच बॅरिटोन हाये का जी ते?"

"बॅरिटोन हाये," मी म्हणालो. "बॅरिटोनच."