गोठ्यातला फोन

कळसाडीच्या पलीकडच्या आमच्या गावात तारेचा टेलिफोन आता फक्त माझ्याच घरी उरला आहे. तो टिकला याचं श्रेय मी स्वतःला देतो. दुसरं कोणी देत नाही.

त्या तारेवरूनच आमच्याकडे इंटरनेट येतं. (मोबाइलची रेंज गच्चीवरच्या टाकीपाशी मिळते, तीही टाकी रिकामी असेल तर!) ते रमतगमत आलं तरी माझं काही अडत नव्हतं. पण आमची लेक वैशू शेतकीची पदवी घेऊन सहा महिने घरी बसलेली, आणि पुण्याच्या एका बियाणे कंपनीने तिला सोमवारी अकराला स्क्रीनवर मुलाखतीला बोलावलं. पहिलंच बोलावणं! रविवारी तिने मावसभावाबरोबर सराव केला, तर त्याच्या स्क्रीनवर हिचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. ‘नमस्कार’ बराच मागून पोहोचला.

मी भडकलो. सोमवारी सकाळीच शहाद्याहून लाइनमन सुकलालला बोलावलं (जुनी ओळख, म्हणजे रागवायला हक्काचा माणूस) आणि अंगणातच टेलिफोनच्या कारभारावर भाषण ठोकलं. तो खांबावर चढला, तपासून खाली उतरला.

“आप्पा, खांबलगून स्पीड झकास शे. तुम्हना घरमा येस अन् आर्धी व्हई जास.”

“म्हंजे मन्हं घर चोर शे का?”

“लाइनले कोठे फाटा काढेल शे का?”

“एकबी नही!” मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

तेवढ्यात त्याची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. आमच्या सौ. तिच्यावर ओली गोधडी टाकत होत्या. दोरी काळी होती. तिचं एक टोक खिडकीतून आमच्या टेलिफोनपाशी गेलेलं, दुसरं निंबाच्या फांदीवरून थेट गोठ्यात. सुकलाल दोरीमागे निघाला, मी सुकलालमागे. गोठ्यात, चाऱ्याच्या आड, कोळिष्टकांत एक लाल फोन भिंतीला लटकलेला!

“हाऊ कोना शे, आप्पा?”

मला सगळं आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी म्हशीची धार काढताना मेहुण्याचा फोन हुकला, म्हणून मीच ही तार ओढली होती. जोडाला जखमेची चिकटपट्टीही मीच लावली होती. (त्यानंतर मेहुण्याने फोन केलाच नाही!) म्हैस गेली, तार राहिली, आणि तिच्यावर कपडे वाळू लागले.

“आर्धं नेट आठे चक्कर मारी येस,” सुकलाल म्हणाला.

“वैशूना बाप, तार काढी तर मी कपडा कोठे वाळाले टाकू?” सौ. म्हणाल्या.

पापाचं प्रायश्चित्त म्हणून पक्कड मीच उचलली. सुकलाल “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत कच्च! खिडकीत तारा दोन होत्या. मी नेमकी खांबावरून येणारी कापली.

वैशू धावत बाहेर आली. “आप्पा, बठ्ठंच बंद पडनं! मन्ही मुलाखत शे ना!” तिचे डोळे भरून आले. साडेदहा वाजले होते.

“आप्पा, तुम्ही खाटवर बठा,” सुकलाल म्हणाला. “दोन्ही हात मांडीखाले ठेवा.”

मी बसलो. हात मांडीखाली घेतले. त्याने गोठ्याची तार काढून फेकली, गोधडी मातीत गेली, खरी तार जोडली. अकराला पाच कमी असताना वैशू डोळे पुसून स्क्रीनसमोर बसली. साहेबांनी विचारलं, खेड्यात काम करताना अडचणी काय येतात? पोरीने गोठ्यातला फोन सांगितला, पक्कडही सांगितली! पुण्याची माणसं खो खो हसली आणि ते हसू खिडकीतून मला त्याच क्षणी, अगदी स्पष्ट ऐकू आलं. आयुष्यात स्वतःच्या फजितीवर मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

वैशूला नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला येताना तिने आईला साडी आणली, सुकलालला शर्ट आणला. मला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. सोबत चिठ्ठी होती: “आप्पा, हिला काहीही जोडू नका.”