पीएचडीची जागा पंधरा आणे माझीच!

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात तर पुढचं सांगायचा धीर होणार नाही मला.

मी कुडाळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे तासावर. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि पीएचडीला प्रवेश काही मिळेना. दोनदा आपटलो होतो. यंदा बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "ह्या वर्षी नाय झाला तर गुपचूप काजूच्या फॅक्टरीत येऊन बस." झालं, म्हणजे ही शेवटचीच संधी!

मुलाखतीच्या दिवशी आम्ही उमेदवार बाकड्यावर ओळीने बसलेलो. गाईडबाईंकडे जागा एकच. आता राज्यशास्त्राचा माणूस रिकामा बसला की काय करतो? अंदाज बांधतो! एक टायवाला होता. नुसताच टाय, पुस्तकाला हात लावलेला दिसत नव्हता. बाद. दुसरा सारखा फोनवर, "साहेबांच्या कानावर घालून ठेवा." बाद. कोपऱ्यातली मुलगी रडायच्या बेतात. बिचारी! तीही बाद. म्हणजे जागा पंधरा आणे माझीच की हो!

माझ्या शेजारी साठीचे एक काका होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. त्यांनी पिशवीतलं खाजं काढून त्या मुलीच्या हातावर ठेवलं. "खा गो, भियाव नको." मी लगेच ओळखलं, हे तिचे वडील. आमच्याकडे साधा दाखला काढायला गेलं तरी घरचं माणूस सोबत येतंच.

"खंयचे तुमी?" मी विचारलं.

"रेडीचो."

"अरे वा! माझी आते रेडीतच दिलेली!"

संपलं! आते दिलेल्या गावचा माणूस म्हणजे घरचाच. माझी जीभ सुटली ती सुटलीच. पोरगी रडवेली, म्हणून म्हटलं बापालाच सांगावं, तो तिला सांगेल.

"काका, एक सांगू? आत गेल्यावर भियाचा नाय. पुस्तकी बोलाचा नाय. आपल्या गावचा बोलाचा."

"म्हणजे कसा रे?"

नमुना म्हणून मी माझं ठेवणीतलं वाक्यच दिलं. "आमच्या गावात मतदार दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला 'व्हय' म्हणतो. त्या होकाराची किंमत काय, हे मला शोधायचंय. बस! गाईडबाई खूश!"

काकांनी ते पुटपुटत पाठ केलं. मी मनात म्हटलं, बापाचं काळीज बघा, लेकीसाठी किती धडपड! मला भरूनच आलं. आणि भरून आल्यावर मी आवरतोय थोडाच? बाईंना कोणते मुद्दे आवडतात, कुठे 'अजून वाचतोय' म्हणून निसटायचं, सगळं सांगून टाकलं.

शिपायाने नाव पुकारलं. आणि काका उठले!

"जरा धर रे," म्हणत त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, शर्ट सारखा केला आणि आत गेले.

"अगं, तुझे बाबा आत कशाला गेले?" मी मुलीला विचारलं.

"माझे बाबा? मी त्यांना आजच पहिल्यांदा बघतेय!"

उरलेला एक आणा माझ्या शेजारून उठून आत गेला होता.

माझी पाळी आली. बाईंनी विचारलं, "हाच विषय का?" मी वाक्य टाकलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अहो, हे आम्ही आत्ताच ऐकलं. शब्द न् शब्द!" माझ्याकडे असलेलं सगळं बाकड्यावर वाटून बसलो होतो.

निकाल लागला. काकांना जागा, आणि प्रतीक्षा यादीत पहिला मी.

दुसऱ्या दिवशी काका सुरमई घेऊन आमच्या दारात. "माका वाटला, किती मोठ्या मनाचो झील! सोता उमेदवार आसान म्हाताऱ्याक शिकयता!" माणसाने जन्मभर तहसीलच्या निवडणूक शाखेत मतपेट्या सांभाळलेल्या, आता त्यामागचं शास्त्र शिकायची हौस. मी त्यांना मुलीचे वडील समजलो होतो हे कळल्यावर त्यांचं तोंडच उतरलं.

"जागा सोडू काय रे मी?"

'सोडा' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांनी नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालून आणली होती, पहिलीतल्या पोरासारखी. "नको काका," मी म्हणालो. आत आईच्या हातून झारा पडला.

बाबांनी मात्र मला वर्षभराची मुदत दिलीय. कारण काका वर्षअखेरच्या पहिल्या परीक्षेत नापास झाले, तर ती जागा नियमाने माझी. आणि काका दर आठवडी बाजाराला कुडाळला येतात ते माझ्याकडेच शिकायला. म्हणजे आता माझ्या प्रवेशाची शक्यता किती? मी जितकं वाईट शिकवीन तितकी!

परवा बाईंनी सराव परीक्षा घेतली. काका पेढे घेऊन आले, पहिला मलाच भरवला. पैकीच्या पैकी!