कोंड्यावर घेतलेला भाऊ

माझा भाऊ जन्मला त्याच सकाळी आमच्या मायनं त्याला उकिरड्यावर टाकलं. ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून आधीच सांगते, हे तिनं मायेपोटी केलं होतं. माझ्यानंतर तिला दोन मुलगे झाले आणि दोघेही वर्षाच्या आत गेले. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथं आमच्याकडे एक रीत होती. नवं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि आईनं चार बायकांच्या देखत म्हणायचं, ‘मला नको हे.’ मग दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं तिला पसाभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. टाकून दिलेलं, कोंड्याच्या मोलाचं लेकरू न्यायला मरण कशाला येईल, असा त्यामागचा विचार.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि जिल्हा अजून परभणीच होता. बाळाला उचलायचा मान आत्याला मिळाला. आत्या हौशी बाई. “कोंडा कमी पडला, अजून घाल,” असं म्हणून तिनं बाजारात करावी तशी घासाघीस केली आणि बायका खो खो हसल्या. माय हसली नाही. तिनं अजून कोंडा घातला, बाळ घेतलं आणि घरात जाऊन दार लोटलं. संध्याकाळी बाळाचं नाक टोचलं, मुलगी वाटावी म्हणून. आत्यानं जाताना मायला बजावलं, “आता माझं माझं म्हणू नको बरं. कुणी इचारलं तर कोंड्यावरचं हाय म्हण.” माय शब्दाला पक्की. तिनं ते पुढे एकोणीस वर्षं पाळलं.

त्या रीतीनं पोरगं वाचलं, असं सारं गाव त्याच्या माघारी म्हणायचं. एकोणिसाव्या वर्षी तेच पोरगं जगायचं नाही म्हणू लागलं, तेव्हा बोलायला गाव नव्हतं, मी होते.

मोठा होताना तो तसा गुणी होता. चिडवलं की हसायचा, मी फार चिडवायचे. नाकाला ते बारीक भोक राहिलं होतं आणि शाळेत पोरं त्याला त्यावरून छळत. मनात काही खुपलं की त्याचं बोट आपोआप त्या भोकावर जायचं. बाकी मनातलं ओळखायला त्यानं कधी काही दिलंच नाही.

एकदा दसऱ्याला आम्ही हिंगोलीला गेलो होतो. तिथल्या जत्रेवजा प्रदर्शनात ही गर्दी, धूळ, पाळण्यांचा करकराट. तो सहा-सात वर्षांचा असेल, मायचं बोट धरून चालला होता. बांगडीवाली त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, “गोड हाय वो पोरगं तुमचं.” मायचा चेहरा पांढरा पडला. “माझं न्हाई ते,” ती घाईनं म्हणाली, “कोंड्यावरचं हाय.” भावानं तिचं बोट सोडलं. पुढे दिवसभर तो माझा पदर धरून चालला आणि मायनं बोट पुढे केलं तरी त्यानं घेतलं नाही. मला रीत ठाऊक होती, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. त्याला कोण सांगणार होतं? नजर लागू नये म्हणून केलेली गोष्ट ज्याच्यासाठी केली त्यालाच सांगायची नसते, असाही एक नियम होता म्हणे.

आणि हीच माय, त्याला मुदतीचा ताप आला तेव्हा दुपारी त्याचा डोळा लागायची वाट बघत उंबऱ्यावर बसायची. तो झोपला की आत जाऊन त्याच्या कपाळावरून, पायांवरून हात फिरवायची, पुटपुटत राहायची. तो जरा हलला की उठून बाहेर. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं कधीच पाहिलं नाही, कारण तो झोपलेला असायचा.

बाबांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन लेकरं स्वतःच्या हातांनी पुरून आल्यावर त्यांनी तिसऱ्याला कधी उचलून घेतलं नाही. भाऊ दहावीत असताना तेही गेले, छातीत कळ येऊन.

माझं लग्न हिंगोलीत झालं. बारावीनंतर भाऊ कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आला. नापास झाला नाही, कुणा मुलीच्या मागे लागला नाही, व्यसन नाही. लोकांनी पुढे मला खोदून खोदून कारण विचारलं आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. एखादं ठसठशीत कारण असतं तर त्यांचं समाधान झालं असतं, माझंही झालं असतं.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सातव्या महिन्यात सासरच्यांनी घरीच डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, गल्लीतल्या बायका, नुसता गोंधळ. माय गावाहून आली होती. भाऊ कंबर कसून सगळ्यांना वाढत होता आणि मी त्याला ‘नवरीचा करवला’ म्हणून चिडवत होते. शेजारची एक बाई मायला म्हणाली, “मावशी, तुम्हाला लेकरं किती?”

“ही एकलीच,” माय म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

भाऊ तिच्याच ताटात भात वाढत होता. त्यानं वाढलं, पुढच्या ताटाशी गेला, तिथंही वाढलं. भांडी आवरताना मला त्यानं विचारलं, “अक्का, माझ्या टायमाला मायचं असं काही केलतं का?” मी आठवून पाहिलं. ओटी नाही, नवी चोळी नाही, कुणाला सांगितलं होतं की नाही तेसुद्धा आठवेना. “न्हाई वाटतं,” मी म्हणाले. तो हसला आणि त्याचं बोट नाकाला गेलं.

त्यानंतर तो फार समजूतदार झाला. हातातलं घड्याळ माझ्या थोरल्याला दिलं. पुस्तकं वर्गमित्राला देऊन आला. सायकल पुसून, तेलपाणी करून आमच्या ह्यांना म्हणाला, “भाऊजी, तुमीच वापरा आता.” जेवताना एकदा सहज बोलला, “मी असलो काय अन् नसलो काय, कोंड्याचंच तर नुकसान.” हे हसले. माझा घास तोंडातच राहिला.

एका दुपारी मी शिवणाच्या मशीनवरून उठले तर तो खोलीत नव्हता. अंथरुणाची घडी नीट, चपला नाहीत. कॉलेजला सुट्टी होती. ह्यांना निरोप धाडला, थोरल्याला शेजारी टाकलं आणि पोट सावरत रिक्षा धरली. रिक्षावाला म्हणाला, “आपा, कहाँ जाना है?” आणि मला सांगता येईना. आधी स्टेशनला गेलो. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चालले, प्रत्येक बाकड्यावरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत. आयुष्यात मी इतकी घाबरले नाही, बाळंतपणातही नाही. पोटातलं लेकरू असं काही लाथा मारत होतं की मी त्याच्यावरच ओरडले, गप बैस म्हणून.

तो सापडला एसटी स्टँडवर. सेनगावच्या गाड्या लागतात तिथं कट्ट्यावर बसला होता, मांडीवर रिकामे हात. आमच्या गावाकडे जाणारी साखऱ्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून सुटली, तो उठला नाही. मी शेजारी बसले. धाप लागली होती, रडू येत होतं आणि त्याच्या कानाखाली जाळ काढावा असंही वाटत होतं. काहीच केलं नाही. फक्त विचारलं.

“मरायचा इचार करून राहिला का तू?”

असं विचारू नये, विचारलं की डोक्यात येतं, असं मला सगळ्यांनी आजवर शिकवलं होतं. ते खोटं आहे. त्याच्या डोक्यात ते आधीच होतं, मी विचारल्यावर त्याला फक्त ते कुठंतरी ठेवता आलं.

“व्हय,” तो म्हणाला. “मायला बघून यावं म्हनलं अगोदर. पण जाऊन काय म्हनू? ती तर मला तिचा म्हनतच न्हाई.” मग खाली बघत म्हणाला, “अक्का, लई थकलो गं.”

मी त्याचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. रिक्षातही नाही.

आठवड्यातून एकदा हिंगोलीच्या दवाखान्यात नांदेडहून मनाच्या आजारांचे डॉक्टर येत. पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो. ते भावाशी बराच वेळ एकटं बोलले, मग मला आत बोलावलं आणि विचारलं, “हा आईच्या पोटात होता तेव्हा घरात काय चाललं होतं?” मला वाटलं, डॉक्टर की ज्योतिषी! पण ते गंभीर होते. म्हणाले, बाई गरोदर असताना सतत भीतीत, दुःखात असली, लेकराला पहिल्या वर्षांत कुणी जवळ घेतलं नाही, घरात मृत्यूची छाया असली, तर त्याचं ओझं लेकरू घेऊन वाढतं. “याने नशीब ठरत नाही, हे नीट ऐका. याहून वाईट घरांतली पोरं धडधाकट राहतात. पण ओझं आधीच पाठीवर असलं की वरून पडलेलं थोडंसुद्धा जड जातं. आपल्याला ते उतरवता येतं. याला एकटं सोडू नका, आणि आईला घेऊन या.”

मी ह्यांना भावाजवळ बसवलं आणि गावाला गेले. माय अंगणात हळद वाळवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण यायला तयार होईना. “म्या आले, त्याला माझं म्हनलं, अन् त्याला काही झालं म्हंजे?” माझा संयम सुटला. म्हणाले, “तू न्हाई म्हनलीस म्हनूनच होऊन राहिलं ना माय! काहून कळंना तुला?”

मग ती बोलली. माझ्या जन्मात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. तो पोटात होता तेव्हा दुसऱ्या मुलाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पाच महिने तिनं कुणाला कळू दिलं नाही, पदर ओढून वावरली. घास गिळवत नव्हता. “बायका पोटाशी बोलत्यात. म्या हात बी ठिवला न्हाई पोटावर. म्हनलं, जीव लावला का जातंय. तुझा बाप एकदा म्हनला, ह्याला बी पुरायलाच न्यायचं का? तवापासून पोटात हललं की मला हुडहुडी भरायची.”

“आणि नंतर? वाचला ना तो! मग किती वर्षं म्हणायचं होतं हे?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझा राग जागच्या जागी विरला. “ते कुणी सांगितलंच न्हाई, बाई,” ती म्हणाली. “म्या सुईणीला इचारनार होते, ती मेली. आत्याला इचारलं, तिला बी ठावं नव्हतं. मंग म्हनलं, थांबायचं अन् चुकायचं, त्यापरीस चालू ठिवावं.”

रीत कशी सुरू करायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. कधी संपवायची ते आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिच्यापाशी हळदीच्या कडेला बसून रडले. परतीच्या गाडीत ती माझ्यासोबत चढली.

उपचार पुढे बरेच दिवस चालले. गोळ्या होत्या, दर आठवड्याचं बोलणं होतं, मधे एकदा तो पुन्हा पार खचला आणि आम्ही पुन्हा डोळ्यांत तेल घालून बसलो. नुसत्या एका रीतीनं हे झालं, असं मी म्हणत नाही, आणि नुसत्या एका वाक्यानं ते बरं झालं असंही नाही. आज त्याचं लेकरू शाळेत जातं आणि तो त्याला रोज गेटपाशी मुका घेऊन लाजवतो. पण मला राहून राहून आठवतो तो माय पहिल्यांदा दवाखान्यात आली तो दिवस.

बाकडी भरलेली होती. माय एका टोकाला, मी मधे, पलीकडे भाऊ. माय गावाहून आल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. माय सारखी आजूबाजूच्या माणसांकडे बघत होती, त्यातलंच कुणीतरी त्याला न्यायला आलंय असं वाटावं तशी. मला धास्ती की ही उठून निघून जाईल, आणि गेली तर तो पुन्हा कधी तिची वाट बघणार नाही. तेवढ्यात कंपाउंडर दारात आला. भावाचं नाव घेतलं आणि विचारलं, “याच्यासोबत कोण आहे?”

मी उठणार होते. मायनं माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. 

“मी हाय,” ती म्हणाली. मग गरजेपेक्षा फार मोठ्यानं, “माय हाय मी ह्याची. माझं लेकरू हाय हे.”

सगळ्या बाकड्यांवरची तोंडं वळली. भावाचं बोट नाकाकडे जायला निघालं होतं, मायनं पुढे होऊन तोच हात धरला. तो लाल झाला, डोळे भरले.

“हळू बोल की माय,” तो म्हणाला, “लोकं बघून राहिले.”

“बघू दे,” माय म्हणाली.