परत जाणारी भाकरी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. खाण तशी माती. माझ्या आईचा राग ज्यांनी पाहिलाय, त्यांनी तरी मला नावं ठेवू नयेत.

बहात्तर साली तिसगावात माझी सातवी झाली आणि आईनं मला उचलून भिंगारला तिच्या भावाकडे ठेवलं. गावात पुढची शाळा नव्हती असं नाही. पण तिनं ठरवलं म्हणजे ठरलं, वडील अशा बाबतीत मधे पडायचे नाहीत. मामा लष्कराच्या स्टोअरमध्ये कामाला, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. माझे दोघं धाकटे भाऊ मात्र घरीच राहिले. निघताना मी धाय मोकलून रडले, आईच्या डोळ्यांत टिपूस नाही. तेवढ्यावरून मी माझ्या बारा वर्षांच्या अकलेनं ठरवून टाकलं, की हिला मी नकोशी झालेय.

आईनं मामाला एकच अट घातली होती. राहणं भावाचं, खाणं आपलं. मामी खरं तर मायेची बाई, पण आईचं म्हणणं, “आज वाढंल, उद्या मोजंल.” म्हणून माझा डबा रोज एसटीनं यायचा. तेव्हा शिकायला बाहेर राहिलेल्या पोरांचे डबे असेच यायचे. सकाळच्या पाथर्डी-नगर गाडीत ड्रायव्हरच्या मागे सात-आठ डब्यांची रांग असायची. भिंगारच्या थांब्यावर कंडक्टर माझा डबा खाली द्यायचा आणि मी आदल्या दिवशीचा वर द्यायचे. तो दुपारी परतीच्या गाडीनं तिसगावला पोचायचा. या कामाचा एक पैसा कुणी घेत नसे. बाकीच्यांच्या डब्यांवर नावं घातलेली. आईला लिहिता येत नव्हतं, तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी कडीला बांधली होती. ती चिंधी मला लांबूनच दिसायची आणि दिसली की डोकंच फिरायचं.

डब्यात तीन भाकऱ्या, चटणी, कधी कोरडा झुणका. दोन वेळचं जेवण. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी काय घालावं? उष्टी भाकरी! रोज एक-दीड भाकरी तोडून, दातानं कुरतडून, तशीच परत धाडायची. पोट मामीच्या पोळीवर भरायचं. मला वाटायचं, आई डबा उघडेल, तिला झोंबेल, मग गाडीत बसून येईल आणि विचारील, “का गं, काय झालं?” एवढंच हवं होतं मला. पण छे! दिवाळी मामाकडेच गेली, तरी ना निरोप, ना बोलणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन भाकऱ्या हजर.

संक्रांतीला मामानं मला दुपारच्या गाडीत बसवून दिलं. घरी कळवलं नव्हतं. आदल्या दिवशीचा डबा माझ्याच मांडीवर होता. तिसगावला उतरते तर दोघं भाऊ थांब्यावर उभे. मला वाटलं, माझं येणं यांना कळलं कसं? तर ते मला न बघताच कंडक्टरकडे पळाले. “आमचा डबा?” मग धाकट्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, तिथंच उकिडवं बसून उघडला आणि माझी कुरतडलेली भाकरी मोडून दोघांनी वाटून घेतली. नुसतीच खाल्ली, चटणीसुद्धा नाही.

“आक्का, तू रोज आमच्यासाठी ठेवतीस ना गं?” तोंडात घास असतानाच तो म्हणाला. “आई सांगती, आक्काचा तुमच्यावर लई जीव हाय.”

घरी आले. टोपल्यात रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी जोंधळ्याच्या भाकऱ्या होत्या, चामड्यासारख्या चिवट. पाऊस आदल्या सालीही नव्हता आणि त्या साली तर आभाळानं तोंडच फिरवलेलं. वडील बैलगाडी घेऊन साखर कारखान्यावर ऊस वाहायला गेलेले, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. कणगीच्या तळाशी पांढरी ज्वारी होती थोडी. थोरला म्हणाला, “ती फकस्त तुझ्या डब्याची.” धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आई संध्याकाळी आली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिनं पाठ फिरवून चूल पेटवली, मी पाठ फिरवून पीठ काढलं. सांगितलंच मघाशी, खाण तशी माती.

भिंगारला परतले आणि मी मामीची पोळी सोडली. डब्यातली एक भाकरी दोन वेळा पुरवून खायची आणि दोन भाकऱ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून परत धाडायच्या. भूक लागायची हो, मरणाची लागायची. वर्गात फळ्यावरची अक्षरं हलायची. पण पोरं खात असतील, म्हणून मनाला बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी गाडी थांबली. कंडक्टरनं डबा दिलाच नाही. त्याच्या मागून डबा घेऊन आई उतरली.

थांब्याजवळच्या दगडावर मला बसवून तिनं डबा माझ्यापुढे उघडला. “खा.”

“तू?”

“मी जेवून आले. खा म्हनते ना!”

“आई, पोरं—”

“पोरांचं मी बघीन. आधी कुरतडलेली यायची, पोरं सांगायची मला, तवा तुला माझा राग आलाय एवढं कळायचं मला. पोट भरलेलं हाय म्हनूनच राग करतीय, असं म्हनून गप ऱ्हायले. आता ही फडक्यात गुंडाळलेली भाकर आली, तवा कळलं का कारटी उपाशी मरतीय. राग कर माझा, जलमभर कर. पर उपाशी ऱ्हायलीस तर तंगडं मोडीन.”

घास गिळता गिळता मी इतक्या महिन्यांचं विचारून टाकलं. “मग मला घरातून का काढलंस?”

ती एकदम माझ्यावर डाफरली. “काढलं? आगं भवाने, घरी असतीस तर आज माझ्या शेजारी खडी फोडीत बसली असतीस. मग कसली साळा न् कसलं काय!” आणि तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. चिंध्या रक्त वाळून कडक झालेल्या होत्या. त्यातली एक हिरव्या काठाची होती.

माझ्या हातातल्या कालच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या तिनं रात्रीसाठी मलाच ठेवायला लावल्या. समोरच्या तिन्ही मी तिथंच संपवल्या. तिनं डबा पालथा करून बघितला, तोंडावरून माझ्या एकदा खरखरीत हात फिरवला आणि परतीच्या गाडीत चढली. रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. तिकडे तिसगावला दोन पोरं थांब्यावर उभी असणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्यांना ती काय म्हणाली, हे विचारायची हिंमत मला तिच्या हयातीत झाली नाही. ती गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी, धाकट्याला विचारलं. आता त्याचेच केस पांढरे झालेत. तो लगेच म्हणाला, त्याला आठवावं लागलं नाही.

“आई म्हनली, आज आक्काला लई भूक लागली हुती, तिनं समदं खाल्लं. आन् मग ती हसली. आमी तिला कितीतरी दिसांनी हसताना बघितलं, म्हनून आमीबी हसलो.”