न चढलेले पाणी

निवृत्तीनंतर सातव्या वर्षी मी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. दुसरबीडच्या पलीकडच्या एका गावातील कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राचे पद रिक्त होते. मुख्याध्यापकांनी विचारले, मी होकार दिला. आठवड्यातून तीन दिवस बसने जात असे.

माझा नियम एकच होता. जे दिसेल ते लिहायचे. नोकरीच्या काळात या नियमामुळे मी विद्यार्थ्यांना नकोसा होतो, हे मला ठाऊक होते.

बारावीच्या त्या वर्गात भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. वांग्याच्या तोडणीला ती गैरहजर असे. एरवी पहिल्या बाकावर. पर्णरंध्रांच्या प्रयोगाला तिने घरच्या शेतातील कांद्याची पात आणली होती. पातीची अपित्वचा तिने एका दमात, न फाटता सोलली. सूक्ष्मदर्शीत बराच वेळ पाहून ती म्हणाली,

"सर, वालाचे दोन दाणे एकमेकांले चिकटल्यावानी दिसते. मधी फट नाही. पुस्तकात तर फट दाखवेल हाय."

"तुला काय दिसते?"

"बंद."

"मग बंद काढ."

इतरांनी पुस्तकातील आकृती उतरवली. तिची आकृती बंद रंध्रांची होती. मी तिच्या वहीवर सही केली आणि बाकीच्यांच्या वह्या सही न करता परत केल्या. त्या दिवसापासून ती माझे शब्द फार मनावर घेऊ लागली. मला ते आवडले होते, हे मान्य केले पाहिजे.

तिला नर्सिंगला जायचे होते. जालन्याला पाठवायला वडील कसेबसे तयार झाले होते, पण गुणांच्या यादीत पहिल्याच फेरीत नाव लागले तर. दुसऱ्या फेरीची वाट पाहणार नाही, असे त्यांनी तिला सांगून ठेवले होते. लेखी परीक्षेचा तिला भरवसा नव्हता. प्रॅक्टिकलचा होता.

परीक्षेची मांडणी माझ्याकडे होती. श्वसनाच्या प्रयोगात मोड आलेली मटकी चंबूत घालतात. लहान नळीत कॉस्टिक पोटॅशचे खडे घेऊन ती नळी दोऱ्याने आत टांगतात. बुचातून काढलेल्या वाकड्या काचनळीचे दुसरे टोक रंगीत पाण्यात सोडतात. मटकीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड खडे शोषून घेतात, आतील हवा कमी होते आणि पाणी नळीत वर चढते. खड्यांची नवी बाटली मागवली होती, ती आली नाही. कपाटात जुनी होती. तिचे झाकण तडकलेले होते आणि खड्यांचा एक पांढरा गोळा झाला होता. मी तो काचेच्या कांडीने फोडला. भागेल, असे मनाशी म्हणालो.

श्वसनाची चिठ्ठी तिघांना आली. त्यांत ती होती. बाहेरून आलेले परीक्षक तरुण होते, बोलण्यात सभ्य. वेळ संपत आली तरी तिघांच्याही नळीत पाणी जागचे हलले नव्हते. शेजारची मुलगी तिला कुजबुजून म्हणाली,

"लिही ना बे, चढलं म्हणून. पान्याले कोण विचारून राह्यलं?"

ती माझ्याकडे वळली. "सर, पाणी नाही चढलं. काय लिहू?"

"नियम माहीत आहे तुला," मी म्हणालो.

तिने लिहिले, पाणी चढले नाही. दुसऱ्या दोघांनी जर्नलमधील निष्कर्ष जसाच्या तसा उतरवला. परीक्षकांनी तिला कारण विचारले. तिने बूच पाहिले, दोरा पाहिला, मटकी पाहिली आणि सांगितले, "माहीत नाही, सर." त्यांनी गुण लिहिले.

सर्व जण गेल्यावर मी भांडी धुवायला घेतली. तिच्या नळीतील एक खडा काढून त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. तो फसफसला. कॉस्टिक पोटॅश फसफसत नाही. त्या बाटलीतील खडे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून केव्हाच निकामी झाले होते. तिच्या मांडणीत काहीही चुकले नव्हते.

परीक्षक कार्यालयात पोहे खात होते. मी सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"सर, पाकीट बंद झाले आहे. उघडायचे म्हटले, तर तिघांचे उघडावे लागेल. तिला गुण द्यायचे आणि त्या दोघांचे काढून घ्यायचे. काढू?"

त्या दोघांनाही कुठे तरी जायचे होते. मी खुर्ची ओढून बसलो. मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर पोह्यांची बशी सरकवली.

यादी लागली तेव्हा तिचे नाव पहिल्या फेरीत नव्हते. दोन गुण कमी पडले. ते प्रॅक्टिकलमध्येच गेले असे सिद्ध करता येणार नाही. मला मात्र शंका नाही. मी तिच्या घरी गेलो आणि तिच्या वडिलांना खड्यांची गोष्ट समजावली. ते वांग्यांच्या क्रेटवर बसले होते.

"म्हंजे चूक कोणाची होती, सर?"

"माझी."

"मंग मार्क तुमचे कापाले पायजे होते."

ते हसून म्हणाले. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा, अशी मी विनंती केली. शब्द तो शब्द, असे ते म्हणाले. मुलीने पाणी आणून दिले आणि ती दारात उभी राहिली. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"सर, मी चढलं म्हणून लिहाले पायजे होतं का?"

हो म्हणणे मला शक्य नव्हते. नाही म्हणण्याचा अधिकार त्या घरात मला उरला नव्हता. पाण्याचा पेला खाली ठेवून मी उठलो.

ती आता देऊळगाव राजाला बी.ए.ला जाते. बसस्थानकावर भेटली की वाकून नमस्कार करते. मी तिची चौकशी करतो. ती ठीक आहे म्हणते. तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही, आणि विचारला तर काय सांगावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.